सुटकेनंतरचा मुक्काम

१८६१ साली मध्य प्रांत हा नवा प्रांत जन्माला आला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, कोर्ट आले आणि तुरुंगही आला. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाचा आरंभ १८६४ सालचा. योगायोग असा, की येथील मनोरुग्णालयाचा आरंभही त्याच सालचा. जुनी माणसे त्याला सरळ ‘पागलखाना’ म्हणत. आज एक संस्था वर्धा रोडवर आहे, दुसरी कोराडी रोडवर. शहराच्या दोन दिशांना असल्या तरी दोघींची एक अडचण मात्र सारखीच. माणसाला आत घेण्याची व्यवस्था पक्की. बाहेर पडल्यावर तो जाणार कुठे, याची व्यवस्था मात्र कच्ची.

आत घेताना नाव, गाव, वय, अंगावरची खूण, सारे लिहून घेतात. सोडताना काय होते? जमा केलेले कपडे परत मिळतात, मजुरी साठली असेल तर ती हातावर पडते, गावापर्यंतच्या भाड्याची सोय होते. सकाळी फाटक उघडते. पण संध्याकाळचे काय? पाच-सात वर्षांत आईबाप गेलेले असतात, भावांच्या वाटण्या झालेल्या असतात, बायको माहेरी निघून गेलेली असते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपण म्हणतो. इथे तर घरच उरलेले नसते.

बरे, अशा माणसाकडे कायदा कसा पाहत होता? १८९८ साली दोन कायदे झाले. एक फौजदारी कामकाजाचा, दुसरा कुष्ठरोग्यांचा. विषय अगदी वेगळे, पण दोहोंत एक कल्पना सारखी आढळते : ‘उपजीविकेचे उघड साधन नसलेला इसम’. फौजदारी कायद्याच्या १०९ व्या कलमाप्रमाणे अशा इसमाकडून मॅजिस्ट्रेटला चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई. जामीन न दिल्यास तुरुंग! आता पाहा, ज्याला घर नाही, ओळख नाही, त्याला जामीन राहणार कोण? म्हणजे कालच सुटलेला माणूस कोणताही नवा गुन्हा न करता पुन्हा आत. कुष्ठरोग्यांचा कायदा जिथे लागू होता, तिथे निराधार रोग्याला पोलीस पकडीत आणि त्याची रवानगी आश्रमात होई. बेघर असणे हीच जणू आरोपाची बाब झाली होती.

ही कल्पना सहजासहजी गेली नाही. १०९ व्या कलमातला तो भाग १९७३ च्या नव्या संहितेत गळाला. कुष्ठरोग्यांचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. म्हणजे ११८ वर्षे लागली. मधल्या काळात १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात तीच कल्पना पुन्हा येऊन बसली होती.

परंतु याच मुलखात दुसऱ्या विचाराची माणसेही होती. १९३९ साली औंध संस्थानाच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. त्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना होती. तेथे तुरुंगाच्या भिंती नव्हत्या. कैद्यांनी शेती करायची, आणि बायकामुलांना आणून राहायचीही मुभा. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट पाहताना आपल्याला त्यातले धाडस दिसते. मला त्यातली व्यवहारबुद्धी अधिक मोलाची वाटते. शिक्षा चालू असतानाच संसार तुटू दिला नाही, तर सुटकेच्या दिवशी तो नव्याने शोधावा लागत नाही.

आमच्या विदर्भात हाच धडा कुष्ठरोग्यांनी शिकवला. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाणांनी काम सुरू केले. १९४६ साली अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. नागपुरात कायदा शिकलेल्या बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन आकाराला आले. पुढे डॅपसोनसारखी औषधे आली, रोगी बरे होऊ लागले, आणि खरा प्रश्न तेव्हाच उघडा पडला. रोग गेला, पण गाव परत घेईना. म्हणून या मंडळींनी औषधाबरोबर विहीर खणली, शेती केली, माग लावले, सुतारकाम शिकवले. १९६० नंतरच्या दशकात आनंदवनाच्या जमिनीवर महाविद्यालय निघाले आणि बाहेरची मुले तिथे शिकायला येऊ लागली.

तरी एक गोष्ट विसरता कामा नये. वेगळी वसाहत हा आसरा आहे, घरवापसी नव्हे. आनंदवन उभारावे लागले हे बाबांचे थोरपण. पण ते उभारावे लागले हा आपल्या गावांवरचा ठपकाही आहे.

सरकारलाही हे उमगले नव्हते असे नाही. १९५४ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने माधव सदाशिव गोरे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांची पुढची सोय कशी लावावी, हाच तिचा विषय. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने योग्य प्रकरणी माणसाला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली घरीच ठेवण्याची वाट दिली. घर मोडूच द्यायचे नाही, हा सर्वांत स्वस्त उपाय! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर स्पष्टच सांगितले, की घरचे नेत नाहीत किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही; त्याच्या निवाऱ्याची सोय सरकारने करावी. १८९८ पासून इथपर्यंतचा प्रवास लहान नाही. बेघर माणूस संशयित होता, तो हक्कदार झाला.

पण हक्क कागदावर आणि माणूस फाटकाबाहेर, असे होऊ नये. त्यासाठी सुटकेचे काम सुटकेच्या दिवशी नव्हे, सहा महिने आधी सुरू झाले पाहिजे. ओळखीचे कागद तयार हवेत, घरच्यांशी पत्रव्यवहार चालू हवा, एखादा धंदा हाताशी हवा, पहिल्या महिन्याची खोली ठरलेली हवी. यातले पहिले तीन शासनाने आणि संस्थांनी करावेत. चौथे मात्र, श्रोते हो, तुमच्या-माझ्या हातात आहे. खोली भाड्याने मागायला आलेला माणूस कुठून आला हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहेच. उत्तर ऐकल्यावर दार लावायचे की किल्ली द्यायची, एवढाच प्रश्न उरतो.