ब्रेक दाबला की गाडी का थरथरते?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतड यांच्या स्मृतीशी जोडलेल्या या गुहांकडे महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही भाविक येतात. कुणी रेल्वेने दरेकसा किंवा सालेकसा गाठतात, कुणी भरलेल्या जीप-मोटारींतून धनेगावला उतरतात आणि पुढे डोंगर पायी चढतात. लांबचा प्रवास, पूर्ण भार आणि डोंगराळ रस्ता म्हटला की ब्रेकची परीक्षा आलीच. मग चालकाची तक्रार येते, ‘ब्रेक मारला की गाडी थरथरते.’ गॅरेजमधले उत्तरही ठरलेले असते, ‘डिस्क वाकली, बदलून टाका.’ माझ्या मते हे उत्तर फार तर निम्मे खरे असते. ते का, हे समजायला ब्रेकचा इतिहास थोडा उलगडावा लागतो.

या मुलखात यंत्राच्या ब्रेकची ओळख आधी रेल्वेने करून दिली. नागपूरकडून छत्तीसगडकडे जाणारी मीटर गेज लाईन १८८०च्या दशकाच्या आरंभी झाली. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली. दरेकशाजवळ ही लाईन घाटातून जाते. आगगाडीचा जुना ब्रेक साधा होता. बिडाचा ठोकळा थेट चाकावर दाबायचा. पण चाक पूर्ण अडले आणि रुळावरून घसरत गेले, तर ते एका जागी घासून सपाट होते. मग प्रत्येक फेऱ्यात ठोका बसतो. गोल वस्तूचा एक भाग वेगळा झाला की फिरताना ती धक्का देते, हा धडा रेल्वेने तेव्हाच दिला होता.

मोटारीची गोष्टही उतारापासूनच सुरू होते. १८८८मध्ये जर्मनीत बर्था बेंझ यांनी पतीने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्ट्सहाइमला नेली. वाटेत उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे अस्तर, म्हणजे आपले ‘लायनर’, ते हेच. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७च्या सुमारास हीच कल्पना धंद्याच्या पातळीवर नेली. त्यांची अस्तरे आधी सुती होती, पुढे ॲस्बेस्टॉसची झाली.

१९०२मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला, तर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांतला ड्रम आधी जिंकला. आपल्या आरंभीच्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना चारही चाकांना ड्रमच होते. ड्रमची अडचण ही की आतली उष्णता लवकर बाहेर जात नाही. तापून तो किंचित लंबगोल झाला की ब्रेक शू एका जागी जास्त पकडतो, दुसऱ्या जागी सोडतो आणि पेडल पायाखाली उसळते. जुने मिस्त्री असा ड्रम लेथवर चढवून गोल करून घेत.

डिस्कचे दिवस उशिरा आले. १९५३मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि १९५५मध्ये सित्रोएन डीएस या मोटारीत ते पुढच्या चाकांना आले. उघडी डिस्क वाऱ्याने लवकर निवते. उतारावरचा जुना आजार आटोक्यात आला, पण थरथर राहिलीच. तिने फक्त घर बदलले.

आता ‘वाकलेल्या’ डिस्ककडे येऊ. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा एक-दोन भाग फरक पडला तरी हाताला जाणवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने लहान मोटारीचे चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात पॅड त्या जागेवर अडखळतो. हा फरक पडतो कसा? हबवर गंज साचला असेल किंवा चाकाचे नट कमीजास्त आवळले असतील, तर डिस्क किंचित तिरकी फिरते. ब्रेक न दाबताही ती पॅडला एकाच जागी घासत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होते. दुसरे कारण असे की, उतार उतरून तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून पेडल दाबून ठेवले, तर पॅडचा थर तिथे चिकटतो.

म्हणूनच हब साफ न करता नवी डिस्क बसवली की थोड्या महिन्यांत थरथर परत येते. पैसे गेले, दोष तसाच.

तेव्हा तपासणी क्रमाने करावी. ब्रेक न दाबताही गाडी हलत असेल, तर आधी टायर आणि चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले, तर संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा. सीट आणि पेडल थरथरले, तर मागच्या ड्रमवर. मोकळ्या, सरळ रस्त्यावर कमी वेगात, बटण दाबून धरून हॅण्डब्रेक हलकेच ओढला आणि थरथर आली, तर मागचा संशय पक्का होतो. मग मिस्त्रीला डायल गेज लावायला सांगावे. डिस्कचा डगमग साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आत हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, हेही पाहावे. डिस्क जाड असेल तर लेथवर घासून चालते. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली गेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्यात. हब घासून स्वच्छ करावा आणि नट समोरासमोरचे, ठरल्या ताकदीने आवळावेत.

थरथरीबरोबर पेडल खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर यात्रा होईपर्यंत थांबू नये, गाडी आधी दाखवावी. आणि उतार उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे. गाडीत भरलेल्या माणसांचा भार एकट्या ब्रेकवर टाकू नये, इंजिनालाही त्यातला वाटा द्यावा.