युद्धनौकेवरील पंगत

यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं. दक्षिणेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा. आणि उन्हाळ्यांत दोन्ही नद्यांस ठिकठिकाणीं पायउतार पडतो. असें असतां निवृत्त युद्धनौका व त्यांवर निघणारीं भोजनगृहें हा विषय ह्या जिल्ह्यांतील वाचकांपुढें आम्ही कां मांडतों, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर वणी अगर पांढरकवड्याच्या रस्त्यावरही भेटण्याजोगें आहे. आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' भंगारांत निघाल्यावर तिचा कांहीं धातु बजाज कंपनीनें विकत घेतला, आणि २०१६ सालीं बाजारांत आणलेल्या 'व्ही' नांवाच्या मोटारसायकलींत त्याचा अंश घातला. ह्या गाड्या देशभर खपल्या. जिच्यावर बसून चार घास खातां आले असते, तिच्यावर बसून लोक आठवड्याच्या बाजारास गेले.

जेथून वीर लढले तेथें लोकांनीं पानें मांडून जेवावें, हें कित्येकांस रुचत नाहीं. ह्या आक्षेपांत सद्भावना आहे, पण नौकेच्या संसाराची माहिती थोडी आहे. 'विक्रांत' छत्तीस वर्षें आरमारांत होती. चार बाष्पकांपैकीं एक निकामी असतांना तिनें बंगालच्या उपसागरांत जाऊन चितगांव व कॉक्स बझार ह्यांवर विमानें सोडलीं, तें युद्ध डिसेंबर १९७१ मधील दोन आठवड्यांचें. भटारखान्याची चूल मात्र छत्तीस वर्षें पेटती ठेवावी लागली. अठराव्या शतकांत इंग्रजी आरमारांतील खलाशास रोज एक रत्तल बिस्किट व एक गॅलन बीअर, आणि ठराविक वारीं खारवलेलें मांस मिळे. मोठ्या लढाऊ जहाजांत दोन तोफांच्या मध्यें टांगलेल्या मेजाभोंवतीं मंडळी जेवीत, आणि लढाईचा हुकूम होतांच मेज बाजूस सारून तोफ सज्ज करीत. तेव्हां तोफेशेजारीं पंगत बसविणें ही कोणा हॉटेलवाल्याची टूम नव्हे. ती जहाजाची जुनी रहाटी आहे. आपल्याकडील खलाशांतही सारंग व टंडेल ह्यांच्या जोडीला 'भंडारी' असे. भंडारी म्हणजे स्वयंपाकी. त्याच्याशीं वैर धरण्याची छाती सारंगालाही होत नसावी, असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें इंग्रजांच्या आरमारासाठीं सागवानी जहाजें बांधलीं. साग म्हणजे काय हें यवतमाळकरांस सांगावयास नको. मात्र तो साग मलबारचा. त्यांतील १८१३ चें 'कॉर्नवॉलिस' हें असें कीं, त्याच्यावर १८४२ सालीं चीनशीं नानकिंगचा तह झाला. १८१५ चें 'वेलस्ली' उतारवयांत टेम्स नदींत मुलांना नाविक शिक्षण देण्याच्या कामीं लागलें, आणि १९४० मध्यें जर्मन विमानांच्या हल्ल्यांत बुडालें. तिसरें 'ट्रिंकोमाली', जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखालीं बांधलेलें, १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईस पाण्यांत उतरलें. तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. ह्याचें कारण सागाची चिवट जात हें खरेंच. पण दुसरें कारण असें कीं, त्यास फार काळ रिकामें बसूं दिलें नाहीं. प्रथम मुलांचें शिक्षण, मग २००१ सालीं पुरी झालेली दीर्घ दुरुस्ती, मग संग्रहालय. आणि आतां तें लग्नकार्यास व मेजवान्यांसही देतात. आमच्या गोदींत घडलेल्या जहाजावर इंग्रज वधूवरांची पंगत बसते, ही गोष्ट आम्हांस विटंबनेची मुळींच वाटत नाहीं.

पण पंगत म्हणजे कांहीं अमृत नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. १९३४ सालची 'वेलिंग्टन' ही नौका दुसऱ्या महायुद्धांत व्यापारी तांड्यांची राखण करून १९४८ मध्यें टेम्सच्या कांठीं, लंडनच्या मध्यवस्तींत येऊन राहिली. जहाजी कप्तानांच्या संघाचें तें सभागृह व भोजनगृह पाऊणशें वर्षें चाललें. अखेर नौकेच्या सुरक्षिततेची धास्ती वाटून २०२३ मध्यें संघानें ती सोडली. पाण्याखालचें लोखंड झिजत राहतें, आणि तें पाहावयाचें तर नौका कोरड्या गोदींत न्यावी लागते. खरा खर्च तेथें आहे.

आमच्या दोन्ही नौका ह्याच खर्चावर फुटल्या. 'विक्रांत' १९९७ मध्यें निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईस तिचें संग्रहालय झालें, आणि २०१२ मध्यें धोक्याचें म्हणून तें बंद पडलें. तिचा भार झेपत नाहीं असें राज्य सरकारनें न्यायालयांत सांगितलें. सुमारें साठ कोटींस ती विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस तोडणें सुरू झालें. संग्रहालय एकदां पाहिलेला मनुष्य दहा वर्षें फिरकत नाहीं; जेवून तृप्त झालेला पुढच्या महिन्यांत पाहुण्यांसह येतो. हा साधा हिशेब नौका धडधाकट असतांना कोणी मांडला असता तर ती वांचलीच असती, असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो मांडावयास हवा होता.

'विराट'च्या वेळीं तो मांडला, पण उशिरां. १९८२ च्या फॉकलंड युद्धांत 'हर्मिस' ह्या नांवानें इंग्रजी आरमाराची मुख्य नौका असलेली ही नौका १९८७ मध्यें आपल्याकडे आली व मार्च २०१७ मध्यें निवृत्त झाली. आंध्र प्रदेशानें तिचें संग्रहालय व हॉटेल करण्याचा विचार चालविला. नंतर नोव्हेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें सिंधुदुर्गांतील निवती खडकांजवळ ती उभी करून संग्रहालय व सागरी साहसकेंद्र काढण्यास मंजुरी दिली. अंदाज ८५२ कोटींचा. एवढें भांडवल घालणारा भागीदार मिळाला नाहीं, आणि ३८ कोटी ५४ लाखांस ती अलंगच्या भंगारवाल्यांकडे गेली. फेब्रुवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तोडण्यास स्थगिती दिली. पण एप्रिलांत प्रकरण पुन्हा निघालें तोंवर नौकेचा मोठा भाग कापला गेला होता, आणि मागणी फेटाळली गेली.

लहान नौकांचें दैव बरें दिसतें. 'टी-८०' ही २०२१ मध्यें निवृत्त झालेली गस्ती नौका कल्याणास दुर्गाडी किल्ल्याजवळ, उल्हासच्या खाडीकांठीं आणून ठेविली आहे. शिवछत्रपतींनीं आरमाराची पहिली जहाजें बांधविलीं तीं ह्याच कांठीं, असें मानतात. आणि २०२४ मध्यें निवृत्त झालेली 'गुलदार' पुढच्याच वर्षीं राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे देण्यांत आली, ती त्याच निवती खडकांजवळ समुद्राच्या तळाशीं बुडवून तेथें संग्रहालय करण्यासाठीं. यवतमाळहून तें पाहावयास जाणारांनीं आधीं एखाद्या तलावांत बुडी मारण्याचा सराव करावा.