आधी आकाश, मग तारा

आकाशनिरीक्षणाची गोडी लागलेला एखादा विद्यार्थी आम्हांला विचारतो : आधी द्विनेत्री घ्यावी की छोटी दुर्बीण? आम्ही साहित्याचे अध्यापक. भिंगांचे गणित आमचे नव्हे. तरीही या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका चरित्रात सापडते. त्या चरित्राचा आरंभ एका निबंधाच्या वाचनातून झाला, म्हणून त्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) हे अविभाजित बंगालमधील जेसोरचे. शाळेत असताना अक्षयकुमार दत्त यांच्या ‘चारुपाठ’मधील विश्वाच्या विशालतेवरचा निबंध त्यांनी वाचला आणि ताऱ्यांनी त्यांच्या मनात घर केले. प्रवेशपरीक्षेत त्यांना अपयशच आले. पुढे जेसोरच्या सरकारी खजिन्यात त्यांनी साधी नोकरी पत्करली.

१९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्यांच्या हाती लहानशी द्विनेत्री होती. त्या कामाला तेच साधन योग्य होते. धूमकेतूचे शेपूट कित्येक अंश पसरते; दुर्बिणीच्या चिंचोळ्या दृष्टिक्षेत्रात त्याचा तुकडाच मावतो. द्विनेत्रीत आकाशाचा रुंद पट्टा एकदम आणि सरळ दिसतो. ताऱ्याचे शेजारपाजार सुटत नाही.

१९१२ मध्ये त्यांनी इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. अंधारात विस्फारलेली डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरची. तीन इंची भिंग तिच्या शंभरपटींहून अधिक प्रकाश गोळा करते. रूपविकारी तारे मंदावत द्विनेत्रीच्या आवाक्याबाहेर जातात, तेव्हा त्यांचा माग ठेवायला हीच शक्ती लागते. प्रश्न बदलला, म्हणून साधन बदलले.

मात्र जून १९१८ मध्ये गरुड नक्षत्रात नवतारा प्रकटला आणि चंद्रांनी तो हेरला, तेव्हा निर्णायक ठरली ती आकाशाची ओळख. तो तारा नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी होता; पण त्या जागी पूर्वी असा तारा नव्हता, हे ठाऊक असणाऱ्यालाच तो ‘नवा’ वाटणार. पुढे रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. १९२६ मध्ये तिने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. संघटनेला त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. फाळणीनंतर जेसोर सुटले आणि ते बारासातला आले, तरी हे व्रत सुटले नाही.

म्हणून नवशिक्याला आम्ही द्विनेत्रीच सुचवतो. कवितेतल्या एका शब्दावर थबकण्यापूर्वी अख्खी कविता वाचावी लागते, आकाशाचेही तसेच. नक्षत्रे ओळखीची झाली आणि एखाद्या ताऱ्याविषयी स्वतःचा प्रश्न मनात उभा राहिला, की दुर्बीण घ्यावी. तोवर घाईने आणलेली दुर्बीण बहुधा माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर ते कुतूहलही.