वंध्यत्व आणि कुटुंबवैद्य

गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत गर्भधारणा न होणे, यास वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ हून अधिक असल्यास ६ महिन्यांनीच तपासणी सुरू करतात. कुटुंबवैद्याकडे पुष्कळदा एकटी स्त्रीच येते, फार तर सोबत सासू. दोष तिचाच, हे गृहीतक त्याने तेथेच खोडून काढावयास हवे. वीर्यतपासणी सोपी असल्याने ती आरंभीच करणे इष्ट. पतीला त्यासाठी राजी करणे मात्र सोपे नसते, आणि ते घरच्या ओळखीच्या डॉक्टरलाच साधते. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे गर्भनलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण असून तो अनेकदा लक्षणांवाचून राहतो. कृत्रिम गर्भधारणा केंद्राकडे पाठविताना ते २०२१ च्या कायद्यान्वये नोंदणीकृत असल्याची खात्री वैद्याने करावी. उपचार फसल्यावर हे दांपत्य बहुधा त्याच्याच दवाखान्यात परतते.