ओहमचा पहिला पाठ आणि दुसरा



आपल्या सभांतून पोथ्यांच्या पाठभेदांवर पुष्कळ चर्चा होते. आज एका सूत्राचा पाठभेद सांगतो. विद्युतदाबाला धारेने भागले की रोध मिळतो आणि दोहोंच्या गुणाकाराने शक्ती, हे आपण शाळेत घोकले आहे. घरचा २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. म्हणजे त्याच्या तारेचा रोध साधारण २६.५ ओहम. गणित शाळकरी मुलाचे आहे. पण ते हाती येण्याआधी एका शिक्षकाला स्वतःचे छापलेले सूत्र खोडावे लागले.

गेऑर्ग सिमोन ओहम हा जर्मनीतील एर्लांगेन गावच्या कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म १७८९ चा. वडील स्वतःच्या बळावर गणित शिकले आणि त्यांनी ते मुलांनाही शिकवले. १८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागला. तार लांबवली की धारा किती घटते, हे त्याला मोजायचे होते. १८२५ मध्ये त्याने निबंध छापला. त्यातले सूत्र लॉगरिदमचे होते, आणि ते चुकीचे होते.

दोष आकडेमोडीत नव्हता, विद्युतघटात होता. त्या काळचा घट जोडताच जोरात चाले आणि लगेच मंदावे. वजनच झिजत असेल, तर तराजूवर धान्य खरे कसे उतरावे?

तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला वेगळा उगम सुचवला. दोन धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की धारा वाहते, हे सीबेकने १८२१ मध्ये पाहिले होते. ओहमने तांबे व बिस्मथ यांचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने ढळत नाहीत, म्हणून दाबही ढळत नाही. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या, आणि चुंबकसुईला मूळ जागी आणायला किती पीळ द्यावा लागतो यावरून धारा मोजली. आता हिशेब सरळ निघाला : एका ठरावीक संख्येला तारेची लांबी अधिक एक ठरावीक लांबी यांनी भागले की धारा. ती ठरावीक लांबी म्हणजे मंडलातील इतर भागांचा रोध. हे १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्या वर्षी बर्लिनहून त्याचे पुस्तक निघाले.

मायदेशी पुस्तकाचे स्वागत थंडच झाले. ओहमने कोलोनची नोकरी सोडली. मान मिळाला तो लंडनहून : १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. त्याच वर्षी इंग्लंडच्या जूलने पाण्यात तार बुडवून, तापमापी लावून दाखवले की उष्णता धारेच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात निपजते. त्यात रोधाच्या जागी ओहमचा भागाकार घातला की दाब गुणिले धारा उरते. विजेच्या बिलाचा हिशेब इथूनच सुरू होतो.

ओहम १८५४ मध्ये वारला. रोधाच्या एककाला त्याचे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत मान्य झाले. पोथीच्या चांगल्या आवृत्तीत जुना पाठ तळटीपेत तरी राहतो. शालेय पुस्तकात १८२५ चे सूत्र तेवढेही उरलेले नाही. नातवंडांना हा भागाकार शिकवताना ते जरूर सांगावे. पहिले उत्तर चुकले, ते छापलेही गेले, आणि मग त्याच माणसाने उगम बदलून पुन्हा मोजले.