बीट्रिस टिन्स्ली

* बीट्रिस टिन्स्ली (१९४१–१९८१) : जन्म इंग्लंडचा, बालपण न्यूझीलंडमध्ये, १९७८पासून येल विद्यापीठात प्राध्यापक. ऑस्टिनमध्ये पीएच.डी. करतानाच त्यांनी संगणकावर दीर्घिकेचे आयुष्य उलगडून पाहिले. वायूतून तारे जन्मतात. त्यांतले वजनदार, निळे लवकर विझतात, तांबडे मागे उरतात. प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांच्या प्रकाशाची बेरीज केली, की दीर्घिकेचा रंग आणि तेज काळानुसार कसे पालटते ते कळते. त्या काळी दूरच्या दीर्घिकांचे तेज जवळपास स्थिर धरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग किती मंदावतो याचा हिशेब मांडला जाई. टिन्स्लींच्या आकड्यांनी या गृहीतकालाच सुरुंग लावला.