लॅटिन नावांतले मराठी मासे

श्रोतेहो, परक्या भाषेतल्या जाडजूड ग्रंथात अचानक आपल्या घरातला शब्द भेटावा, तसा अनुभव मला एकदा माशांच्या यादीने दिला. गोड्या पाण्यातल्या मिशाळ माशांची ती यादी होती. इंग्रजीत त्यांना कॅटफिश म्हणतात. तोंडाभोवती मिशा, अंगावर एकही खवला नाही. जगभरात त्यांच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत. लॅटिन नावे अडखळत वाचत होतो आणि ‘मिस्टस सींगटी’, ‘स्पेराटा सींघाला’, ‘रीटा गोगरा’ या नावांपाशी थांबलो. शिंगटी, शिंगाळा, घोगरा! ही तर आपली मराठी नावे!

ती तिथे पोहोचवली कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर त्यांची नेमणूक केली. गावे, पिके, भाव, पाऊस यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी पक्षी टिपले आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३९ साली लंडनमध्ये छापून आला. पुण्याच्या मुळा-मुठेचे नाव त्यात ‘मोटा मोला’ असे आहे. नदीचे नाव चुकले, पण मासे मात्र त्यांनी नीट पाहिले होते.

नव्या माशाला नाव देण्याचा मान तो प्रथम वर्णन करणाऱ्याचा. साइक्स यांनी काही नावे लंडनच्या विद्वानांना वाहिली. ‘सिलोनिया चिल्ड्रेनी’ हे नाव वाचून मुले आठवतात, पण ते ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन जॉर्ज चिल्ड्रेन यांचे. ‘बगारियस यारेली’ हे निसर्गअभ्यासक विल्यम यारेल यांचे. बाकी कितीतरी नावे मात्र त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची घेतली. ‘कुटर्नी’, ‘टाकरी’, ‘गुंगवारी’, ‘इचकी’, ‘लोणा’ ही नावे आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना तशीच वापरावी लागतात.

या नावांमागे पाहणारी नजर आहे. शिंगटीच्या अंगावर शिंगासारखे टोकदार काटे असतात. ते हातात घुसले की माणूस ते नाव विसरत नाही. असे कितीतरी मासे पाण्याबाहेर काढले की काट्याचा सांधा घासून कुरकुरतात. घोगरा हे नाव त्यावरूनच पडले असावे. ही नावे पुस्तकात बसून सुचत नाहीत. ज्याचे पोट जाळ्यावर आहे, त्यालाच ती सुचतात. पण ती सांगणाऱ्या एकाही भोयाचे नाव कुठल्या माशाला मिळाले नाही. लंडनच्या साहेबांचे मिळाले.

पुढे १९५२ साली चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनमधला एक नवा मासा जगापुढे आणला आणि थेट मराठीतच त्याचे बारसे केले, ‘खवलचोर’! हा दुसऱ्या माशांचे खवले खातो. स्वतःच्या अंगावर खवला नाही, म्हणून शेजाऱ्याचा चोरतो! एखाद्या कवीलाही हेवा वाटावा असे हे नाव आहे.

पण आज परिस्थिती काय आहे? मुळा-मुठेवर धरणे झाली, शहराचे सांडपाणी पात्रात आले. लोणा हा खळाळत्या पाण्यात छातीने दगडाला चिकटून राहणाऱ्या कुळातला. वाहते पाणीच आटले तर त्याने चिकटायचे कुठे? सिलोनिया चिल्ड्रेनीची गणना आता धोक्यात आलेल्या जातींमध्ये होते.

जागा रिकामी राहत नाही. आफ्रिकेतला मांगूर आला. २००० साली केंद्र सरकारने त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी तो तळ्यांत चोरून वाढवला गेला. दुसरा पाहुणा आपल्या दिवाणखान्यातून गेला. काचेच्या टाकीतले शेवाळ खावे म्हणून आपण बोटभर ‘सकर’ आणतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मिशाळ माशांच्याच गोतातला, पण अंगावर हाडांचे चिलखत. टाकीत मावेनासा झाला की आपण दया म्हणून त्याला नदीत सोडतो. तिथे तो काठाच्या मातीत बिळे करतो, कोळ्यांची जाळी फाडतो आणि वाढत जातो. आपली दया नदीला महागात पडते.

परक्या माशाशी माझे वैर नाही. टाकीत तो सुंदरच दिसतो. त्याची जागा टाकीत आहे, एवढेच.

श्रोतेहो, शास्त्राचा नियम असा, की मासा नदीतून नाहीसा झाला तरी नाव ग्रंथातून जात नाही. म्हणजे ‘गोगरा’ लॅटिनमध्ये राहील. पण घोगरा नदीत राहिला, तरच तो मराठीत राहील. पुढच्या वेळी नदीकाठी कुणी जाळे ओढताना दिसला, तर भाव विचारण्याआधी माशाचे नाव विचारा. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या साहेबाने ते विचारले होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)